तुटल्या मागापाशी

दिवा बारीक करा. पडद्याचा उजेडही थोडा उतरवा. अकरा वाजून गेलेत. पडघ्यात या वेळी हायवेवर नाशिककडे जाणारे ट्रेलर तेवढे जागे असतात. दोन ट्रेलरच्या मधे शांतता पडली की मागचा आवाज वर येतो, सबस्टेशनकडे जाणाऱ्या तारांची सरसर. हवा दमट असली की ती वाढते. इथल्या लोकांना ती ऐकू येत नाही, पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नाही. आज तेवढी सोबत पुरे.

समोर एक फाईल आहे. कुठल्याशा सर्व्हरचा कर्नल चालता चालता कोसळला, त्याची ही मागे राहिलेली मेमरी. ती वाचली कशी, हे आधी नीट बघू. मरणाऱ्या कर्नलकडून स्वतःची कहाणी नीट लिहून होईल, यावर कोणीच विसंबत नाही. म्हणून सगळं ठीक चाललेलं असतानाच मेमरीचा एक कोपरा राखून तिथे दुसरा, लहान कर्नल तयार ठेवतात. पहिला कोसळला की दुसरा उठतो, पहिल्याची मेमरी जशी असेल तशी डिस्कवर उतरवतो आणि मशीन पुन्हा चालू करून देतो. लिनक्समध्ये ही सोय २००५ सालापासून आहे. उतरवलेल्या फाईलला व्हीएमकोअर म्हणतात. ती वाचायला क्रॅश नावाचं हत्यार आहे. रेड हॅटच्या डेव्हिड अँडरसन यांनी ते घडवलं आणि त्याच्या पोटात जीडीबी हा जुनाजाणता डीबगर बसवलेला आहे.

क्रॅश उघडा. ‘बीटी’, म्हणजे बॅकट्रेस, ही दोन अक्षरं टाइप करा. एंटर दाबू नका अजून.

बोट तसंच राहू द्या, आणि आपण काय मागतोय ते मनाशी धरा. आपण विचारतोय की कोसळलेल्या क्षणी तू कुठे होतास, तिथे तुला कोणी पाठवलं, आणि पाठवणाऱ्याला कोणी.

नारदीय कीर्तन ऐकलं असेल तर स्टॅक तुम्हाला नवा नाही. उत्तररंगात बुवा आख्यान लावतात. आख्यानात द्रौपदी येते, द्रौपदीवरून कृष्ण, कृष्णावरून सुदामा, सुदाम्यावरून पोहे, आणि पोह्यांवरून बुवांच्या आजोळचं कांडप. समोरचे लोक हसतात. कसलेला बुवा ओळखायचा तो यानंतर. तो कांडपावरून पोह्यांवर येतो, पोह्यांवरून सुदाम्यावर, आणि एकही पायरी न गाळता द्रौपदीपाशी येऊन उभा राहतो. प्रत्येक वळणावर निघताना त्याने मनात गाठ मारलेली असते, परत यायचं ते इथे.

कर्नलही हेच करतो, फक्त गाठ मनात न मारता मेमरीत मारतो. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा प्रोसेसर परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवतो. एका गाठीला आठ बायटं. आपल्या नेहमीच्या ६४ बिटी इंटेल किंवा एएमडी मशीनवर प्रत्येक धाग्याला, म्हणजे थ्रेडला, कर्नलमध्ये अशा गाठींसाठी १६ किलोबाइट मिळतात. २०१४ पर्यंत ८ मिळत. एवढीच जागा, आणि ती वरून खाली भरत येते.

आता समजा बुवा कांडपाच्या वाक्यावरच कोसळले. शेवटचं वाक्य तुम्ही ऐकलंय. गाठी स्टॅकवर आहेत. बाकी काही नाही.

दाबा एंटर.

सात ओळी आल्या. सर्वांत वर पॅनिक, त्याखाली पेज फॉल्ट, मग एका ड्रायव्हरची चार-पाच फंक्शनं, आणि सातव्या ओळीनंतर काही नाही. प्रॉम्प्ट लुकलुकतोय. ड्रायव्हरला कोणी बोलावलं ते नाही, कुठल्या प्रोग्रामच्या कोणत्या मागणीतून हे सुरू झालं तेही नाही.

इथेच थांबायचं आहे. या रिकाम्या ओळीपाशी मन काय करतं ते बघा. माझं मन लगेच कामाला लागतं. हा नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हणजे पॅकेट आलं असणार, पॅकेट आलं म्हणजे इंटरप्ट, गेल्या महिन्यातही असंच एक प्रकरण होतं. आठवी, नववी, दहावी ओळ मी श्वास सोडायच्या आत लिहून मोकळा. यातलं एकही अक्षर फाईलमध्ये नाही. हे मन वाईट नाही, याच मनाने मला या धंद्यात भाकरी दिली. पण आत्ता त्याला जरा ओसरीवर बसू द्या.

मराठीत ‘माग’ शब्द दोन कामं करतो. पावलांचा माग काढतात तो एक. दुसरा भिवंडीचा माग, ज्याच्या खडखडाटावर हा सगळा तालुका वाढला. दुसऱ्या मागाने मला पहिल्याबद्दल बरंच शिकवलं. साध्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, तशी सोयच केलेली असते. उभा धागा तुटला तर माग चालूच राहतो. तेव्हा भिस्त कामगाराच्या डोळ्यांवर, त्याचं लक्ष नसलं तर कापडात लांबलचक फट उतरत जाते आणि ती तपासणीच्या टेबलावर कळते. कर्नलचं पॅनिक हे आडव्या धाग्याचं थांबणं आहे. कोसळला म्हणून आपण त्याला दोष देतो, पण खोट दिसल्यावर तो थांबला तरी. अर्धवट ट्रेसही तसाच समजा. सातव्या ओळीवर हत्यार थांबलं, पुढचं रेटून सांगितलं नाही, याबद्दल त्याचे आभार माना. मनातल्या मनात मानलेत तरी चालेल.

आता हाताने मागे जाऊ. घाई नको.

आपल्याजवळ दोन आकडे आहेत. पहिला सांगतो कुठली सूचना चालू होती. दुसरा सांगतो स्टॅकचं टोक कुठे होतं. टोकापासून किती बायटं वर गेलं की या फंक्शनचा परतीचा पत्ता सापडेल? सगळा प्रश्न एवढाच आहे. मधली जागा फंक्शनने स्वतःच्या कामाला वापरलेली असते, कुठे स्थानिक आकडे, कुठे दुसऱ्याचे जपून ठेवलेले रजिस्टर. ही जागा प्रत्येक फंक्शनची वेगळी, आणि एकाच फंक्शनमध्येही सूचनेगणिक बदलणारी.

पूर्वी दारातच एक खुंटी ठोकायची पद्धत होती. तिला फ्रेम पॉइंटर म्हणतात. एका खुंटीला मागच्या खुंटीचा पत्ता बांधलेला, त्यामुळे आंधळ्यालाही धरधरून बाहेर पडता येई. पण खुंट्या फुकट नसतात. त्यांनी कर्नलचा कोड सुमारे ३.२ टक्क्यांनी फुगतो आणि सगळीकडे थोडा थोडा वेळ जातो. म्हणून २०१७ मध्ये, ४.१४ या आवृत्तीत, दुसरी सोय आली. कर्नल बांधतानाच प्रत्येक सूचनेपाशी मागे किती जायचं याचा तक्ता करून ठेवायचा. धावताना खर्च नाही, कोसळल्यावर तक्ता उघडायचा. या तक्त्याला ओआरसी म्हणतात, आणि उच्चार ऑर्क. फाईलच्या साच्याचं नाव एल्फ, डीबगच्या माहितीचं ड्वार्फ, म्हणून याचं ऑर्क. तिकडच्या परीकथांतली मंडळी. हेच काम आपल्याकडे झालं असतं तर वेताळ, मुंजा आणि खवीस अशी नावं पडली असती, आणि मुंजा पिंपळ सोडत नाही हे साऱ्यांना ठाऊक असल्यामुळे निम्मं मॅन्युअल लिहावं लागलं नसतं.

तक्ता नसला तर? क्रॅशची जुनी रीत गावातल्या सर्व्हेअरची. फंक्शनच्या दारापासून सूचना एकेक वाचत यायचं. एक ‘पुश’ दिसला की आठ बायटं धरायची, ‘पॉप’ दिसला की आठ सोडायची, जागा घेणारी वजाबाकी दिसली की तेवढी मिळवायची. आपल्या सूचनेपर्यंत पोचलं की बेरीज तयार. बहुतेकदा ती बरोबर येते. आता सातव्या ओळीच्या फंक्शनपाशी ही रीत स्वतः करून बघा. क्रॅशमध्ये ‘डिस’ला ‘आर’ लावलं की दारापासून आपल्या सूचनेपर्यंतचा सगळा कोड उलगडतो.

वाचत या. पुश. पुढे एक तपासणी, आणि काही काम नसेल तर लवकर परतायची आखूड वाट. त्या आखूड वाटेवर एक पॉप आणि परती. त्यानंतर पुन्हा मुख्य कोड.

इथे थोडं रेंगाळा.

आपला धागा त्या आखूड वाटेने गेलाच नव्हता. गेला असता तर तो परतला असता, इथे कोसळलेला सापडलाच नसता. पण सरळ रेघेत मोजणाऱ्याला उड्या दिसत नाहीत. त्याने न घडलेला पॉपही हिशेबात धरला. खरी जागा ७२ बायटं, त्याची बेरीज ६४. त्या ६४वर परतीचा पत्ता नव्हताच, तिथे कोणाचा तरी जपून ठेवलेला रजिस्टर होता. त्याला पत्ता म्हणून वाचायला गेलं तर तिथे कोड नाही. हत्यार गप्प झालं. आठ बायटांची चूक, आणि पुढची सगळी माणसं हरवली.

आता श्वास जरा लांब घ्या, कारण पुढचं मला स्वतःला अजून पचलेलं नाही. त्या ६४वर बसलेला आकडा योगायोगाने एखाद्या दुसऱ्याच फंक्शनचा पत्ता असता तर? तर हत्यार थांबलं नसतं. आठवी ओळ आली असती, नववी आली असती, ट्रेस भरगच्च दिसला असता आणि आपण दोन आठवडे भलत्याच माणसाच्या दारात बसलो असतो. असे पत्ते स्टॅकवर खच्चून असतात. मघाशी कोणीतरी आलं, काम करून गेलं, त्याची गाठ कोणी पुसली नाही. त्या गाठीत खोटेपणा नसतो, पण ती शिळी असते. ‘बीटी’ला ‘टी’ लावून बघा, स्टॅकवर दिसणारं प्रत्येक कोडचं नाव ओळीने येतं, शिळं आणि ताजं एकाच पंगतीत. कर्नल स्वतः जेव्हा मरताना ट्रेस छापतो, तेव्हा ज्या ओळीची त्याला खात्री नाही तिच्यापुढे तो एक प्रश्नचिन्ह ठेवतो. त्या प्रश्नचिन्हाइतकं सभ्य विरामचिन्ह मी छापील मजकुरात फार क्वचित पाहिलं.

पडघ्याचं नाव एका दिवशी सगळ्या बातम्यांत होतं. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या.  ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलं की महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा-पडघा केंद्रात सर्किट एकच्या देखभालीचं काम चालू होतं, सगळा भार सर्किट दोनवर होता आणि त्यात अचानक बिघाड झाला. ही झाली वरची ओळ. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर हल्ल्याची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. खालच्या ओळी प्रत्येकाच्या वेगळ्या.

यातला न्याय करायला आपण बसलेलो नाही. मला त्यात माझा धंदा दिसला, एवढंच. सबस्टेशनमध्ये घटनाक्रम टिपणारी यंत्रं असतात. आपल्या ग्रीडचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, आणि रिले काही आवर्तनांतच निर्णय घेऊन मोकळा होतो. तेव्हा नोंदीवरचा काळ मिलिसेकंदापर्यंत नेमका लागतो, म्हणून घड्याळं उपग्रहाच्या वेळेला बांधतात. समजा दोन केंद्रांची घड्याळं काही मिलिसेकंदांनी सरकली. मग परिणाम आधी आणि कारण नंतर दिसेल, आणि दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्याच असतील. चंद्रपूरहून पडघ्याला येणारी उच्चदाब एकदिश वाहिनी ७५२ किलोमीटर लांब आहे, १५०० मेगावॉटची. एवढ्या लांबीच्या दोन टोकांवरच्या माणसांना ‘आधी काय झालं’ या प्रश्नाचं एक उत्तर द्यायचं असतं. त्यांच्यापुढे माझी १६ किलोबाइटं म्हणजे परसातला वाफा.

परत या. कांडपावरून पोह्यांवर.

हत्यार दुरुस्त करण्याआधी हाताने एकदा खात्री करू. टोकापासून ६४ ऐवजी ७२ बायटं वर जा आणि तिथला आकडा वाचा. तो परतीचा पत्ता असेल तर एक कसोटी आहे, आणि ती मला या सगळ्या विद्येत सर्वांत सुंदर वाटते. परतीच्या पत्त्याच्या अगदी आधीची सूचना ‘कॉल’ असायलाच हवी, आणि तो कॉल सातव्या ओळीच्याच फंक्शनला केलेला असायला हवा. तसा नसेल तर एक तर तो पत्ता शिळा, नाही तर मधे कोणीतरी उडी मारून गेलं आहे. कॉम्पायलरला ही उडीची खोड आहे. फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्याला बोलावणं हेच असेल तर तो कॉल न करता थेट तिकडे उडी मारतो, गाठ मारतच नाही. अशी ओळ ट्रेसमध्ये कधीच येणार नाही, कारण ती स्टॅकवर कधी नव्हतीच. तिला शोधत बसू नका.

आपल्या आकड्याआधी कॉल आहे. सातव्या ओळीच्या फंक्शनलाच आहे. आठवी ओळ सापडली.

आठवी नववीकडे नेते, नववी दहावीकडे, आणि तिथे पुन्हा एक कडा. इंटरप्टचा स्टॅक संपला. इंटरप्ट आला की प्रोसेसरचं काम वेगळ्या स्टॅकवर सरकतं, धाग्याचा स्वतःचा स्टॅक आहे तसाच पडून राहतो. घाबरायचं कारण नाही, पूल बांधलेला आहे. व्यत्यय येताच प्रोसेसर स्वतः पाच गोष्टी जपून ठेवतो. त्यांत आधी कुठली सूचना चालू होती आणि आधीच्या स्टॅकचं टोक कुठे होतं, हे दोन्ही असतं. बाकीचे रजिस्टर कर्नल त्यावर रचतो, मिळून २१ आकडे, १६८ बायटं. हे गाठोडं ओळखता आलं की पलीकडे जाता येतं. ओळखता आलं नाही तर कड्यावरच दुसरा अर्धवट ट्रेस जन्मतो. एआरएमच्या नव्या प्रोसेसरांवर याहून गंमत आहे. तिथे परतीच्या पत्त्यावरच वरच्या बिटांमध्ये शिक्का मारलेला असतो, कोणी मधे पत्ता बदलू नये म्हणून. तो शिक्का पुसायचा मुखवटा डंपमध्येच नोंदवलेला असतो. हत्याराने तो वाचला नाही तर प्रत्येक खरा पत्ता त्याला परका वाटतो.

दुरुस्ती अशी काही मोठी नाही. तक्ता असेल तिथे मोजणी करायची नाही. तक्ता कुठे बाहेर शोधायचा नाही, तो मेलेल्या कर्नलच्या मेमरीतच पडलेला असतो, डंपबरोबर आपल्या हातात आलेला. जिथे तक्ता नाहीच, हाताने लिहिलेल्या एखाद्या असेंब्लीच्या तुकड्यात, तिथेच जुनी मोजणी, आणि ती करताना वाटेतल्या उड्या बघून. तिच्यातून निघालेल्या ओळीवर तशी खूण. बस. खऱ्या बदलाच्या ओळी हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. त्यांच्यापर्यंत यायला चार रात्री लागल्या.

आता सावकाश शेवटची पायरी. आपल्याच धाग्यावर खूश व्हायचं नाही. ‘फोरईच बीटी’ लावा, म्हणजे त्या मशीनवरचा प्रत्येक धागा आपला माग सांगेल, झोपलेले धागेसुद्धा. नव्या हत्याराने आणि जुन्या हत्याराने दोन याद्या काढा, फरक बघा. एक सांधताना दुसरा उसवला नाही ना? तपासायला सोपी खूण आहे. कर्नलच्या स्वतःच्या धाग्याचा माग शेवटी ‘रेट फ्रॉम फोर्क’पाशी पोचतो, तो जिथे जन्मला तिथे. प्रोग्रामच्या धाग्याचा माग बहुधा सिस्टीम कॉलच्या दारापाशी पोचतो, जिथून तो कर्नलमध्ये शिरला. बाहेरून व्यत्ययाने आत ढकललेले थोडे निराळे. सगळ्यांची गावं एवढीच. यादी खाली सरकवत जा. फोर्क. सिस्टीम कॉल. फोर्क. फोर्क. सिस्टीम कॉल. वाचू नका, नुसतं बघा. गर्दीच्या स्टेशनवर सगळे आपापल्या घरच्या गाडीत चढताना दिसावेत तसं.

आपला धागाही पोचला. पॅनिकपासून एकोणीस ओळी, तळाला सिस्टीम कॉलचं दार. इंटरप्ट आला तेव्हा तो बिचारा फाईल वाचत होता. नेटवर्कशी त्याचा काही संबंध नव्हता. ओसरीवर बसवलेल्या मनाने लिहिलेल्या तीन ओळींतली एक बरोबर निघाली, दोन चूक.

चौदाव्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे. तिथे असेंब्लीचा तुकडा आहे, तक्ता नाही, कॉलची कसोटी लागत नाही. तिथे कोण होतं हे मला जवळजवळ माहीत आहे. प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं आहे.

बाहेर ट्रेलर गेला. तारा ऐका.